आधी तुमचं होऊ द्या

त्या साली समुद्रावरचं धुकं जागचं हलायलाच तयार नव्हतं. जपानच्या उत्तरेला, तोकाचीच्या किनाऱ्याला उन्हाळा म्हणजे धुकंच, त्यात नवल काही नाही; पण दरसाल ते सकाळी यायचं नि उन्हं वर आली की मुकाट्यानं माघारी जायचं. त्या साली ते पाहुणा म्हणून आलं आणि घरजावयासारखं ठाण मांडून बसलं. गवत कमरेएवढं वाढलं, तुऱ्यावर आलं, बुडाशी पिवळं पडायला लागलं. कापायचं कसं? आणि कापलं तर वाळवायचं कुठं? मिनागावांची शिगेनो रोज सकाळी दार उघडायची, हात पुढं लांब करायची आणि बोटं धड दिसली नाहीत की दार लावून घ्यायची.

तिच्या जिवाला घोर होता तो किकूचा. मिनागावांकडं तीन घोड्या, ओझं ओढायच्या जातीच्या, एकेक म्हणजे चालता डोंगर. त्यातली किकू शिगेनोच्या हातची. तिला जन्म देतानाच तिची आई गेली, तेव्हा शिगेनोनं मांडीवर मान घेऊन बाटलीनं दूध पाजून तिला जगवलं होतं. पण किकू आता उतरणीला लागलेली. सलग दोन साल रिकामी राहिली. शिगेनोचा नवरा कात्सुझो तसा दुष्ट माणूस नव्हे, पण घोड्यांच्या बाबतीत शब्दाचा कडक. गेल्या हिवाळ्यात जेवता जेवता तो बोलून गेला होता, "औंदा भरली न्हाई तर ट्रक बोलवायचा." घोड्यांचा ट्रक आला म्हणजे घोडं कुठं जातं हे तोकाचीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दक्षिणेकडं, आणि तिथून ताटात.

आणि उन्हाळ्याच्या तोंडाला जनावरांचा डॉक्टर येऊन सांगून गेला, किकू गाभण आहे. त्या दिवशी शिगेनोनं सणावाराला करतात तसा तांबड्या दाण्यांचा भात केला. कात्सुझोनं वाटीकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "शिंगरू घोडीला हुणार का तुला?" म्हणाला, पण दोनदा मागून खाल्ला. आता एवढंच पाहिजे होतं की हिवाळाभर किकूच्या पोटात चांगलं गवत जावं आणि बर्फ वितळायच्या सुमाराला शिंगरू चार पायांवर उभं राहावं. ते उभं राहिलं की किकू वाचली.

मग एका संध्याकाळी रेडिओनं सांगितलं, तीन दिवस आभाळ मोकळं राहणार.

गवताचे गोल रोल बांधायचं यंत्र तीन घरांत मिळून एक. मिनागावा, शेजारचे ओबारा आणि ओढ्यापलीकडचे कुमागाई आजोबा. पाळी दरसाल फिरती. यंदा पहिली पाळी मिनागावांची, म्हणून बैठकही त्यांच्याच घरी. ओबारांचा तेईजी वसंतातच गेला होता, त्याच्या जागी त्याचा मुलगा शुन्पेई आला. लहानपणीच शिकायला शहरात गेलेला, या वसंतापर्यंत साप्पोरोत ऑफिसात बसणारा, आता बापाच्या साठ गाई गळ्यात पडलेल्या. गोरा, हसरा, गुडघे मोडून बसला की पायाला मुंग्या येणारा.

आता इथली रीत अशी, की ज्याची पाळी त्यानं आपण होऊन यंत्राला हात घालायचा नाही. त्यानं आधी म्हणायचं, "आधी तुमचं होऊ द्या." समोरच्यानं म्हणायचं, छे छे, पाळी तुमची. पुन्हा एकदा तेच. तिसऱ्या खेपेला पाळीवाल्यानं मान खाजवत म्हणायचं, आता तुम्ही एवढं म्हणताच आहात तर. आणि मग यंत्र घरी न्यायचं. कात्सुझो आणि तेईजीनं हे नाटक जन्मभर न चुकता केलं होतं. रीतच ती. तोंडदेखली असली म्हणून काय झालं, माणूस माणसाला मान देतो ना त्यात?

तर कात्सुझोनं चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "शुन्पेई, तुझा बाप आत्ता कुठं गेलाय. यंदा आधी तुमचं हू दे."

"खरंच काका?" शुन्पेईचा चेहरा उजळला. "बरं झालं बुवा. मी मनातून घाबरलो होतो, एवढं सगळं मला कसं जमणार म्हणून. मग उद्या सकाळीच घेऊन जातो." आणि त्यानं डोकं पार चटईला टेकवलं.

कुमागाई आजोबा पेल्यात डोकावून बघत बसले, जसा काही तळाशी मासा होता. शिगेनो किटली घेऊन दारात उभी. एक शब्द, एकच शब्द कुणी बोलायला हवा होता: अरे बाबा, ती बोलायची पद्धत आहे. आजोबा बोलू शकले असते, वयाचा मान होता त्यांना. ती स्वतः बोलू शकली असती, हसत हसत, बायकांचं बोलणं हसण्यावारी जातं. पण पाहुण्यासमोर नवऱ्याचा शब्द खाली पाडायचा कसा? तिनं सगळ्यांच्या पेल्यात चहा ओतला. कात्सुझो म्हणाला, "व्हय व्हय, ने की." त्याच्या मानेवरची शीर तिला मागून दिसत होती.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, उद्या सकाळी जाऊन सांगून या. कात्सुझो म्हणाला, पोरगं आहे, कुणीतरी सांगेल त्याला, येईल शरमेनं यंत्र घेऊन. कुणीही सांगितलं नाही. सगळ्या वस्तीला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठाऊक झालं, एक शुन्पेई सोडून. बायका दुकानाच्या दारात शिगेनोला भेटल्या की हळहळायच्या, शहरातली पोरं अशीच म्हणायच्या, आणि शुन्पेईचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की त्याच बायका हात हलवायच्या.

ऊन मात्र रेडिओनं सांगितल्याप्रमाणे पडलं. असं ऊन की तारेवरचं धुणं कडक व्हावं. कात्सुझोनं उन्हाच्या दुसऱ्या दिवशी आपलं गवत कापून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी यंत्र मिळालं तर दुपारपर्यंत रोल बांधून होतात, असा हिशेब. ती दोघं गवत उलटवत राहिली, मोठ्या शेतात ट्रॅक्टरनं, बांधाकडेला हातानं, दाताळ्यानं. शिगेनोचे खांदे भरून आले, कानात, पाठीत, कमरेच्या पट्ट्यात तूस गेलं. पण गवत झकास वाळत होतं. वरचं मुठीत चुरलं की चुरचुर वाजायचं. हिरवं तर हिरवं, आणि वास असा की माणसानं खावं. आणखी एक सकाळ ऊन मिळालं की खालचंही झालं, असं ती म्हणाली. कात्सुझोनं ओबारांच्या रानाकडं बघितलं. तिकडं यंत्र बंद पडलेलं दिसत होतं, शुन्पेई त्याच्या पोटात शिरून काहीतरी ओढत होता. रोलभोवती गुंडाळायची जाळी अडकली असणार. तेईजी ती डोळे झाकून काढत असे.

"जाऊन काढून देता का?" शिगेनोनं विचारलं.

"त्यानं बोलवू दे."

शुन्पेईला वाटलं असेल, काकांना कशाला त्रास. तिसऱ्या दिवशी दुपार टळली तरी यंत्र आलं नाही. आलं तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि समुद्राच्या बाजूला ती करडी भिंत उभी राहिलेली. शुन्पेई घामानं निथळत होता. त्यानं शंभरदा माफी मागितली, खाऊचा पुडा दिला, आणि म्हणाला, "काका, तुमच्यामुळं माझं सगळं कोरडं निघालं बघा." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं.

धुकं ओढ्यापर्यंत आलं, मग बांधापर्यंत. गवताच्या ओळी हाताला गार लागायला लागल्या. रात्री पाऊस येणार म्हणजे येणारच. तसंच पसरून ठेवलं तर खत होणार. बांधलं तर निदान डोळ्यांना तरी गवत दिसेल. कात्सुझो ट्रॅक्टरवर चढला. यंत्रानं एकेक ओळ गिळली नि एकेक रोल मागं टाकला, गोल, घट्ट, सुबक. दिसायला इतके देखणे की रस्त्यानं जाणाऱ्यानं फोटो काढावा. शिगेनो त्यांच्या मागून चालत होती आणि हात लावायचं तिला धाडस होत नव्हतं.

बांधल्यावर चौथ्या दिवशी तिनं एका रोलमध्ये कोपरापर्यंत हात खुपसला आणि झटकन ओढून घेतला. आत आंघोळीच्या पाण्यासारखं कढत. तंबाखूसारखा गोड वास. असले रोल कोठारात घेतले तर कोठार पेटतं, म्हणून ते रानातच ठेवावे लागले, एकमेकांपासून लांब लांब. आता आतून उबून चालले होते, आणि वरून झिमझिम बाहेरूनही भिजवत होती. असे दोन्हीकडून गेले. सकाळच्या गारव्यात त्यांच्यातून वाफा निघायच्या. शुन्पेई रस्त्यावरून ओरडला, "काका, तुमचे रोल तर चहासारखे वाफाळतायत!" आणि हसला. कात्सुझोनं हात वर केला.

विकतचं गवत? ते त्या साली तोकाचीत कुणाकडंच शिल्लक नव्हतं. होतं ते शर्यतीच्या घोड्यांच्या मोठ्या तबेल्यांनी उभ्या रानात उचललं होतं.

मग बर्फ पडला. आणि मिनागावांच्या घरात हिवाळा म्हणजे रोल सोलणं झालं.

सकाळी कात्सुझो ट्रॅक्टरच्या सुळ्यावर एक रोल टोचून आणायचा नि तबेल्यासमोर टाकायचा. पुढचं शिगेनोचं. आधी पहारीनं वरचा बर्फ फोडायचा. मग विळ्यानं जाळी कापायची, आणि ती गोठलेली जाळी बोटांनी ओढून काढायची, एक धागा राहता कामा नये, घोड्याच्या पोटात गेली की आतडं आवळते. मग अंथरुणाची वळकटी सोडावी तसा रोल सोडायचा. वरचा थर काळा, चिकट, तो उकिरड्यावर. त्याच्या आत दोन-चार बोटं जाडीचं बरं गवत, तपकिरी पण खाण्यासारखं. आणखी आत गेलं की पांढरा भुगा. दाताळं लावलं की धूर उठल्यासारखी बुरशी उठायची, थंडीत तशीच हवेत तरंगत राहायची. शिगेनो तोंडाला फडकं बांधायची. तरी रात्री खोकल्यावर करडं पडायचं.

बरं गवत किकूच्या गव्हाणीत. मधलं, झटकून, वर पाणी मारून, बाकीच्या दोघींना. त्याही गाभण होत्या, पण तरण्या, दमाच्या. शिगेनोला त्यांचं वाईट वाटे. पण वाईट वाटून गवत वाढत नाही. किकू ओठांनी एकेक काडी निवडायची, फुंकर मारायची, नको ती खाली टाकायची. अर्धं खाली. पोट वाढत होतं आणि बरगड्याही दिसायला लागल्या होत्या. सकाळी दार उघडल्यावर तिघी आता खिंकाळायच्या नाहीत, खोकायच्या.

डॉक्टर आला. त्यानं किकूच्या छातीला कान लावला, मग अंगणात सोडलेल्या रोलमधून मूठभर उचलून नाकाशी नेलं. शिगेनोला वाटलं, आता हा बोलेल, रागावेल, जाऊन कात्सुझोला चार शब्द सुनावेल. डॉक्टरनं हात झटकले. "औंदा सगळीकडंच अवघड," म्हणाला, आणि खोकल्याचं औषध देऊन गेला.

जेवताना शिगेनोनं विषय काढला. मिसोच्या सारात बटाटे होते, स्टोव्ह धगधगत होता, आणि कात्सुझो पाठीला कापड गुंडाळून वाकून बसला होता.

"ओबारांकडं कोरडे रोल पडून हायत. त्यांच्या गाई मक्याचा आंबवलेला चारा खात्यात. चार मागितले तर?"

"मी जाऊन हात पसरू? त्या पोरापुढं?"

"त्याला ठाऊकच न्हाई ओ. कुणी सांगितलंय का त्याला?"

कात्सुझोनं वाटी खाली ठेवली. "सांगून कळलं तर मंग त्यात राहिलं काय? त्याच्या बापाला कधी सांगावं लागलं न्हाई. त्याचं त्याला समजाय पाहिजे."

"त्याला समजस्तवर घोडी मरंल."

तो उठला. बाहेर जाऊन बर्फ ओढत बसला. ओबारांच्या वाटेवरचासुद्धा ओढून आला, दरसाल तेईजीसाठी ओढायचा म्हणून. असला माणूस. त्याला काय म्हणावं, चांगला की आडमुठा, हे शिगेनोला लग्न झाल्यापासून ठरवता आलं नव्हतं.

शेवटी तीच गेली. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून कोबी आणि हेरिंग माशाचं आपल्या हातचं लोणचं डब्यात भरलं, डोक्याला रुमाल बांधला, आणि बर्फातून वाट तुडवत गेली. शुन्पेईची बायको माओ दारात आली. नाजूक, लाघवी पोर. काकू काकू करत आत घेऊन गेली, मऊ गादीवर बसवलं, डबा उघडून वासानं दचकली आणि लगेच "अय्या, किती छान," म्हणाली.

शिगेनो बोलत राहिली. थंडी किती आहे म्हणाली. यंदा घोड्या खोकतात म्हणाली. माओ म्हणाली, अगंबाई, डॉक्टर बोलावला का? शिगेनो म्हणाली, गवत जरा हवं तसं वाळलं नाही. माओ म्हणाली, हो ना, कसलं बाई ते हवामान, आमचं नशीब म्हणून निभावलं. शिगेनो म्हणाली, किकू गाभण आहे, म्हातारपणचं पोट आहे. माओनं विचारलं, शिंगराचं नाव काय ठेवणार? तिच्या जागी इथली कुठली म्हातारी असती तर पहिल्याच वाक्याला उठून नवऱ्याला हाक मारली असती. ही पोर आपली डोळे मोठे करून ऐकत होती. तिच्यावर रागवायचं तरी कसं? ज्या भाषेत आपण मागतो ती तिला कुणी शिकवलीच नव्हती.

शिगेनो उठली तेव्हा शुन्पेई गोठ्यातून येत होता. त्यानं हातातल्या बादल्या खाली ठेवल्या.

"काकू, काका आमची वाट साफ करतात, मला फार लाजल्यासारखं होतं. काही लागलं तर सांगा हं. अगदी काहीही."

इथं होतं. दार उघडं होतं, उंबरठ्यावर माणूस उभा होता, नुसतं आत पाऊल टाकायचं होतं. आणि शिगेनोच्या तोंडून काय निघावं?

"छे रे बाबा, काही नको. आमचं हाय की सगळं."

ती थांबली. आता तो म्हणेल, असं कसं काकू, खरं सांगा. मग ती म्हणेल, तसं नव्हे, पण. मग तो म्हणेल, तुम्हाला माझ्या बापाची शपथ. ती थांबून राहिली. शुन्पेई समाधानानं हसला, म्हणाला, "मग बरं," आणि बादल्या उचलून चालायला लागला. माओनं मागून पळत येऊन परतभेट म्हणून शहरातल्या दुकानातला चीजचा केक तिच्या हातात दिला.

घरापर्यंतच्या वाटेवर शिगेनोनं स्वतःला काय काय शिव्या दिल्या नाहीत. जळो ही जीभ, जळो ही रीत. नवऱ्याला नावं ठेवत गेली होती आणि तिथं जाऊन तेच करून आली होती, त्याच्याहून सफाईनं. कात्सुझोनं केक बघितला. दोघांनी मिळून तो खाल्ला, गोड होता.

थंडीची धार मोडली, छपरावरचा बर्फ टपटपायला लागला. आता थोडेच दिवस राहिले होते. शिगेनो किकूच्या पोटाला हात लावून उभी राहायची. आतून लाथ बसली की तिला हसू यायचं. मग हात लावला तरी काही कळेनासं झालं. शिंगरू झोपलं असेल, म्हणाली ती स्वतःशीच.

सकाळी ती तबेल्यात गेली तेव्हा किकू कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभी होती. मागच्या पायांवर रक्त वाळलेलं. पेंढ्यात ते पडलं होतं. पुरतं झालेलं. आयाळीचे केस ओले, पापण्या मिटलेल्या, खूर अजून मऊ, मेणासारखे. शिगेनोनं बाहीच्या टोकानं त्याचं नाक पुसलं, उगीच, कुणी बघत नव्हतं म्हणून. शिंगरू मादी होतं. मग ती तिथंच पेंढ्यात बसली आणि मोठ्यानं रडली. किकू मान वळवून आली आणि तिच्या डोक्यावरचा रुमाल हुंगायला लागली, आणि खोकली.

डॉक्टर म्हणाला, गाभडण्याची कारणं शंभर असतात. मग जाता जाता, बूट चढवताना, खाली बघून म्हणाला, बुरशीनंही होतं. कात्सुझोनं गोठलेल्या जमिनीत पहारीनं खड्डा खणला. दुपारपर्यंत खणत होता. आत आला तेव्हा तळहात फुटले होते. त्यानं फोन उचलला.

शिगेनोनं फोनवर हात ठेवला. "बोललात तुम्ही. भोगलं तिनं. आता वर तिलाच ट्रकात घालताय?"

कात्सुझोनं तिच्या हाताकडं बघितलं. बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवलं नाही. "बाहीर जाऊन रोल मोज. नवं गवत यायला दोन महिने हायत. त्या दोघींच्या पोटात अजून हाय. बरं गवत किकूला घालू का त्यांना घालू, तूच सांग."

तिनं हात काढून घेतला. हिवाळाभर तीच तर थर निवडत होती. याचं उत्तर तिला त्याच्याआधीच माहीत होतं. त्या संध्याकाळपासून बरं गवत दुसऱ्या दोघींच्या गव्हाणीत पडायला लागलं. किकू दाराशी येऊन मान बाहेर काढून बघत राहायची, आपलं कुठं गेलं म्हणून.

ट्रक आला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती, अंगणात बर्फाचा राडा झाला होता. ड्रायव्हरनं मागची फळी खाली टाकली. किकूनं फळीला नाक लावलं आणि जागची हलली नाही. कात्सुझोनं कासरा ओढला. ड्रायव्हरनं मागून रेटलं. एवढ्या मोठ्या जनावराला दोन म्हातारे आणि एक ड्रायव्हर काय रेटणार? ती नुसती उभी राहिली, कान शिगेनोच्या बाजूला करून. शिगेनोनं मधल्या थरातलं गवत फळीवर टाकून बघितलं. किकूनं फुंकर मारली, धूळ उडाली, तिनं तोंड फिरवलं. ड्रायव्हर म्हणाला, आजी, हे कोण खाईल? कात्सुझोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

तेवढ्यात रस्त्यानं शुन्पेई ट्रॅक्टरवरून चालला होता. थांबला. त्याला वाटलं, घोडी दुसऱ्या कुणा घोडेवाल्याला विकली. धावत आला, काय झालं विचारलं, घोडी चढत नाही म्हटल्यावर "एक मिनिट," म्हणाला आणि तसाच माघारी पळाला. मदत करायची संधी मिळाली म्हणून पोराला कोण आनंद झाला होता. आला तो दोन्ही हातांत मावेना एवढा गवताचा भारा छातीशी धरून.

हिरवं. अजून हिरवं! अंगणात वास सुटला. तीन दिवसांचं ऊन होतं त्यात. किकूच्या नाकपुड्या थरथरल्या आणि ती खिंकाळली. साऱ्या हिवाळ्यात पहिल्यांदा तिचा तो आवाज शिगेनोच्या कानावर पडला. तबेल्यातून दोघींनी साद दिली. शुन्पेई भारा घेऊन उलट्या पावलांनी फळीवर चढला, आणि किकू त्याच्या मागून चढली, एक पाऊल, दुसरं, फळी वाकली, ती आत गेली. कासरा कुणी ओढायची गरजच पडली नाही. ड्रायव्हरनं मागून फळी लावली. आतून खाण्याचा आवाज येत होता, घाईघाईचा, दात दातांवर घासल्याचा.

शुन्पेई बाजूच्या दारातून उतरला, अंगावरच्या काड्या झटकत. "बघा, किती आवडीनं खातेय! आमच्याकडं नुसतं पडलंय काका, गाई बघत नाहीत त्याच्याकडं. मी वासरांच्या खाली अंथरून संपवतोय."

कात्सुझो त्याच्यासमोर कमरेत वाकला. "फार उपकार झालं," म्हणाला.

"अहो उपकार कसले. हवे असतील तर आणून टाकू का थोडे रोल? दहा-बारा असतील अजून."

"छे, छे, कशाला," कात्सुझो म्हणाला. "आमचं हाय की."

"आण," शिगेनो म्हणाली.

दोघांनी तिच्याकडं बघितलं. ट्रक वळणाशी गेला होता.

"सगळे आण. आत्ता जा नि आण. हे नको म्हणतील, यांच्याकडं बघून मीही नको म्हणीन, तू ऐकू नको. वासरांखालचं असलं तरी चालंल, ते पण आण."

कात्सुझोनं मान फिरवली. भर रस्त्यात बायकोनं अंगावरचं वस्त्र सोडावं तसं त्याचं तोंड झालं होतं. शुन्पेई एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं, एकदा अंगणातल्या पांढऱ्या भुग्याकडं बघत राहिला. मग त्यानं वाकून त्यातली मूठ उचलली, नाकाशी नेली, आणि खोकला. कुठल्या सालचं गवत हे, त्यानं विचारलं. यंदाचंच, शिगेनो म्हणाली. त्यानं ट्रक गेला त्या वळणाकडं बघितलं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं, आणि शिगेनोनं ते जाऊ दिलं.

दुपारी रोल आले. कात्सुझो घरातून बाहेर पडला नाही. शिगेनोनं एकटीनं जाळ्या कापल्या, थर सोडले, दाताळ्यानं दोन्ही गव्हाणी काठोकाठ भरल्या. निवडायचं काही नव्हतं. आठ दिवसांत दोन्ही घोड्यांचा खोकला थांबला.